न घेतलेल्या कर्जाचे हप्ते

वेलिका मारिन्स्का यांचा चेहरा बघण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून मी त्यांचा आवाज ओळखत होते. मी शाळेत होते तेव्हा सोफियाला राहणाऱ्या बहिणीशी बोलायचं तर पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावावा लागे. "थांबा हं, जोडून देते," म्हणणारा तो आवाज आमच्या अख्ख्या नदीकाठच्या लोम गावाच्या ओळखीचा होता. पुढे लग्न होऊन मी बंदराजवळच्या इमारतीत राहायला आले. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये एका ठेंगण्या बाईंनी विचारलं, "कितव्या मजल्यावर?" आणि मी उत्तर द्यायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

एकतीस वर्षं त्यांनी एक्स्चेंजमध्ये काढली. तिथली शिस्त अंगात इतकी मुरलेली की समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. कोणी आवाज चढवला तरी आपण चढवायचा नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना आमच्या जिन्याची सेक्रेटरी केलं. अठरा घरं, लिफ्ट, जिन्यातले दिवे, झाडलोट, सगळ्याचे पैसे त्या गोळा करायच्या आणि प्रत्येकाला पावती द्यायच्या. सेक्रेटरीचं काम म्हणजे रोज कोणाची तरी बोलणी खाणं. पण वेलिकामावशींच्या प्रामाणिकपणाबद्दल कधी कोणी शब्द काढला नव्हता.

त्यांचे यजमान कामेन बंदरात क्रेन चालवायचे. मोठ्या अंगाचा, मोठ्याने हसणारा माणूस. शनिवारी फुटबॉलच्या सामन्यांवर दोन-चार लेव लावायचे, हरले की सगळ्या जिन्याला सांगायचे आणि जिंकले की कोणालाच नाही. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ते झटका येऊन गेले. मुलगी इस्क्रा जर्मनीत, एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायच्या कामावर. तेव्हापासून मावशी दोन खोल्यांत एकट्याच.

ऑक्टोबरमधली गोष्ट. इमारतीच्या मागे आम्ही बायका हिवाळ्याची चटणी करायला लाल मिरच्या भाजत होतो. मावशींच्या ॲप्रनच्या खिशातला फोन वाजला. हात मिरच्यांच्या सालांनी माखलेले, म्हणून त्या दोन बोटांनी फोन धरून बाजूला गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी जरा वर जाऊन येते." त्या दिवशी त्या पुन्हा खाली उतरल्याच नाहीत. त्यांच्या वाट्याच्या मिरच्या मी भाजल्या, सोलल्या आणि पातेलं त्यांच्या दाराशी ठेवलं. फोनवर काय झालं ते मला चार महिन्यांनी कळलं. पण त्यांनी ते इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की मला शब्दन् शब्द सांगितला.

"वेलिका मारिन्स्का? मी वकील गेरगोव. तुमच्यावरच्या दाव्याबद्दल बोलायचंय."

"कसला दावा? नंबर चुकला असेल तुमचा."

"कामेन मारिन्स्की तुमचे कोण?"

"यजमान. वारले ते."

"माहितीये. एकोणीस फेब्रुवारीला. वाईट वाटलं. पण बाई, जाण्याआधी त्यांनी आठशे लेव उचलले होते. सात वर्षं झाली. व्याज, दंड, कोर्टखर्च धरून आता चार हजार तीनशे झालेत. घर तुमच्या नावावर झालं ना? मग घराबरोबर कर्जही तुमच्याच नावावर."

"ते मला सांगितल्याशिवाय कर्ज काढणार नाहीत."

"असं सगळ्याच बायका म्हणतात," तो म्हणाला. "आणि हमीदार म्हणून तुमची सही आहे खाली."

मग त्याने त्यांचा ओळख क्रमांक आकडा न चुकता म्हणून दाखवला. पत्ता सांगितला, मजला सांगितला. अठ्ठेचाळीस तासांत जप्तीवाला येईल म्हणाला. कपाट, फ्रिज, पलंग यांची यादी होईल, दारावर कागद लागेल, मग घराचा लिलाव. मावशी म्हणाल्या, मला कागद दाखवा. तो म्हणाला, "कागद जप्तीवालाच घेऊन येतो. पण एकदा तो आला की माझ्या हातात काही राहत नाही. आज तीनशे भरलेत तर मी थांबवू शकतो. तुम्ही सभ्य बाई दिसता, म्हणून सांगतोय."

मावशी तीनशे भरायला गेल्या. त्यांनी विश्वास का ठेवला, असं नंतर अनेकांनी विचारलं. मीही विचारलं. त्या म्हणाल्या, "कामेन कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, इथे सही कर. मी करायची. नवरा पुढे करतो तो कागद कोण वाचतं?"

त्या दुपारी पैसे पाठवायच्या खिडकीवरून परत निघाल्यावर त्यांना हायसं वाटलं होतं. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. तीनशे फक्त फाईल थांबवायचे होते, आता महिन्याचा हप्ता ठरवायचा. पुढे ती वेळच ठरून गेली. रविवार सोडून रोज साडेसात. कधी गेरगोव असायचा, कधी कालिना नावाची मुलगी. ती जास्त गोड बोलायची. "आँटी, मला तुमची फार काळजी वाटते हो. साहेब आज चिडलेत. दीडशे तरी टाका, मी त्यांना समजावते."

मावशींची पेन्शन तीनशे चाळीस लेव. त्यांनी विजेची शेगडी लावायचं बंद केलं. स्वयंपाकघरात कोट घालून बसायच्या. मांस बंद, मग चीज बंद. इस्क्रा फोन करायची तेव्हा सांगायच्या की सगळं ठीक आहे, चटणी छान झालीय, थंडी यंदा फार नाही.

इस्क्राला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या बापाने माझ्यापासून लपवून कर्ज काढलं? पोरीचा जीव होता वडिलांवर. मावशींनी ठरवलं, हे आपल्यातच संपवायचं. पण त्यांच्या आत ते संपत नव्हतं. त्यांनी कामेनचे सगळे कोट तपासले, हत्यारांची पेटी उपसली, गच्चीतल्या खोलीतली जुनी खोकी उघडली. कर्जाचा कागद मिळाला नाही. मिळाली ती एका कोटाच्या अस्तरात अडकलेली फुटबॉलच्या सामन्याची चिठ्ठी, तीन लेवची. ती हातात धरून त्या पलंगावर बसल्या आणि त्यांना वाटलं, ही तीनची सापडली, तीनशेच्या कुठे टाकल्या असतील? आठशे कुठे गेले? सामन्यांवर? दारूवर? कोणा बाईवर? चाळीस वर्षांच्या संसारातली एकेक संध्याकाळ त्यांनी उकरून काढली. तेव्हा उशिरा आले होते ते खरंच क्रेन बिघडली म्हणून का? तो नवा शर्ट कुठून आला होता? मेलेला माणूस उत्तर देत नाही, आणि मावशींनी विचारणं थांबवलं नाही.

नोव्हेंबरात पितरांच्या शनिवारी आमच्याकडे उकडलेले गहू आणि वाईन घेऊन सगळे कबरींवर जातात. मावशी गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. मी औषधाच्या दुकानात काम करते, म्हणून गुडघ्यांचं मलम दिलं. त्यांनी ते घेतलं, आणि पैसे देताना नाणी तीनदा मोजली.

डिसेंबरमध्ये एका सकाळी गेरगोव म्हणाला, "तुम्ही जिन्याच्या सेक्रेटरी ना? मग पैसे नाहीत असं कसं म्हणता?"

मावशींना कळेना, हे याला कोणी सांगितलं?

"ते माझे पैसे नाहीत," त्या म्हणाल्या.

"चार दिवसांनी परत ठेवायचेत. कोणाला कळणारे? की जप्तीवाला जिन्यात उभा राहून सगळ्यांसमोर तुमचं नाव वाचेल ते बरं?"

लिफ्टच्या दुरुस्तीसाठी आम्ही जमवलेले सहाशे लेव त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात होते. त्यांतले दोनशे त्यांनी त्या शुक्रवारी घेतले. पेन्शन आली तेव्हा परत ठेवले. जानेवारीत पुन्हा घेतले, आणि या वेळी सगळे परत ठेवता आले नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गेरगोवने "कुठून आणलेत?" विचारल्यावर, खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांनी सांगून टाकलं. तो हसला. त्या दिवसापासून तो कर्जाबद्दल कमी आणि डब्याबद्दल जास्त बोलायला लागला. "शेजाऱ्यांना कळलं तर कर्जबुडवी नाही म्हणणार तुम्हाला. चोर म्हणतील."

म्हणजे आता न घेतलेल्या कर्जाला खरा गुन्हा चिकटला होता. आधी त्या कदाचित पोलिसांत गेल्या असत्या. आता कुठे जाणार?

लिफ्ट बंदच होती. तळमजल्यावरचे स्तामातकाका, जुने इंजिन ड्रायव्हर, जिन्यात भेटले की टोमणा मारायचे. "काय हो वेलिका, लिफ्टचा तो भाग काय आगबोटीने येतोय? नदी गोठलीय का?" मावशी हसायच्या. "येतोय, स्तामात. ऑर्डर दिलीय." आणि पाचव्या मजल्यापर्यंत हळूहळू चढून जायच्या.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण ते न सांगता ही गोष्ट सांगणं बरोबर नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला फोन आला. एक मुलगी. "तुमच्या शेजारी वेलिका मारिन्स्का राहतात ना? त्या कर्ज फेडत नाहीयेत. त्यांना समजावाल का? तुमच्या जिन्याचे पैसे त्यांच्याकडे असतात, तुम्हालाही लक्ष ठेवायला हवं." मी म्हटलं, मला काही माहीत नाही, आणि ठेवून दिला. मग मी काय केलं? काही नाही. कोणाच्या खासगी गोष्टीत कशाला पडा, मावशींना लाज वाटेल, असं स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं की, अरे, म्हणूनच लिफ्ट होत नाहीये. जिन्यात भेटल्या की मी जरा जास्तच गोड बोलायची आणि पटकन निघून जायची.

फेब्रुवारीत एके दिवशी दुपारी त्या दुकानात आल्या. रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या.

"अर्धीच पट्टी दे, दारिना."

"अर्धी का? नेहमी दोन नेता."

"डॉक्टरांनी कमी केल्यात."

डॉक्टरांनी कमी केल्या नव्हत्या. प्रिस्क्रिप्शन माझ्यासमोरच होतं. मी काही बोलणार इतक्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला आणि त्या इतक्या जोरात दचकल्या की काउंटरवरचं पाण्याचं भांडं लवंडलं. त्यांनी फोन उचलला. "हो, साहेब. हो. नाही, अजून नाही. हो, साहेब, समजलं." एकतीस वर्षं सगळ्या गावाला ऐकू गेलेला तो शांत आवाज, आणि त्यातला "साहेब" हा शब्द शाळकरी पोरीसारखा.

मी दुकानाच्या दाराला कडी घातली, त्यांना मागच्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, "मावशी, हे वसुलीवाले आहेत ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला अजून आठवतं.

"तुला कसं माहीत?"

"मला फोन आला होता. त्यांचा."

"कधी?"

मी मांडणीतली खोकी सरळ करायला लागले.

"कधी आला होता, दारिना?"

"डिसेंबरमध्ये."

त्यांनी फोन पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी दोन महिने जिना चढताना तुझ्याकडे बघून हसत होते, आणि तुला माहीत होतं."

"मला वाटलं, तुम्हाला लाज वाटेल..."

"ती तर वाटतच होती," त्या म्हणाल्या. "एकटीने." त्या उठल्या, गोळ्या न घेताच निघून गेल्या. मी हाक मारली, त्यांनी वळून बघितलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगून मला माझा मोठेपणा दाखवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी त्यांच्या दारात गेले. दार उघडंच होतं. त्या कोट घालून स्वयंपाकघरात बसलेल्या, फोन टेबलावर, समोर कामेनची ती तीन लेवची चिठ्ठी. म्हणाल्या, "बस. सगळं सांगते. मध्ये बोलू नकोस." आणि त्यांनी डब्यासकट सगळं सांगितलं.

मी एकच विचारलं. "मावशी, त्यांनी एकदा तरी कागद दाखवला?"

"नाही."

"एकसुद्धा?"

"नाही गं. पण त्यांना माझा ओळख क्रमांक माहीत आहे."

जिल्ह्याच्या गावी, मोंतानाला, ग्राहक संरक्षणाचं कार्यालय आहे. मी सुट्टी काढली आणि आम्ही बसने गेलो. वाटेत मावशी सारखं म्हणत होत्या, "डब्याचं सांगू नकोस हं तिथे." टेबलामागे माझ्याच वयाची एक बाई होती, नाकावर चष्मा, बाजूला अर्धवट खाल्लेला पाव. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचाच मावशींना धीर आला असावा.

"पैसे मागणाऱ्याने आधी कर्जाचा करार दाखवायचा असतो," ती म्हणाली. "तोंडी काहीही चालत नाही. जप्तीवाला लेखी नोटीस देतो, तो फोन करून खिडकीवर पैसे भरा म्हणत नाही. आणि या नावाची कंपनी आमच्या यादीत नाही. तुम्ही वारस आहात, तेव्हा तुमच्या यजमानांच्या नावावर कुठे काय कर्ज होतं ते बँकांच्या नोंदीतून मागवता येतं. हा अर्ज भरा."

"मग माझा क्रमांक, ते गेले ती तारीख, हे त्यांना कसं माहीत?"

"कधी हप्त्यावर काही घेतलं होतंत?"

"वॉशिंग मशीन. खूप वर्षांपूर्वी. ते दुकान बंद पडलं."

"दुकानं बंद पडतात, त्यांच्या याद्या विकल्या जातात. तारीख तर मृत्यूच्या सूचनेवर छापलेली असते, तुमच्याच इमारतीच्या दारावर चिकटवलेली."

खरंच होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचा फोटो आणि तारीख असलेले कागद दर वर्षी दारावर लागतात. कामेनचा कागद मावशींनीच चिकटवला होता.

"आता पैसे भरू नका," ती बाई म्हणाली. "आणि फोन आला की ठेवून द्या."

"ते मला जमणार नाही," मावशी म्हणाल्या.

"बरं, मग लिहून ठेवा. कधी आला, कोणत्या नंबरवरून, कोण काय म्हणालं. जमेल?"

एक्स्चेंजमध्ये त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? पुढचे तीन आठवडे मावशींनी प्रत्येक फोन वहीत उतरवला. वेळ, नंबर, किती मिनिटं, एकेक वाक्य. गेरगोव शिव्या द्यायला लागला होता. त्या शिव्याही स्वच्छ अक्षरात लिहिलेल्या. मी ती वही वाचली आहे. "७.३१. पुरुष. म्हणाला, म्हातारे, तुला रस्त्यावर झोपवीन. मी विचारलं, कराराचा क्रमांक काय? म्हणाला, तुझ्या नवऱ्याच्या कबरीवर लिहिलाय. ४ मिनिटं." बाहेरून शांत दिसायच्या, पण त्या दिवसांत त्यांचं वजन पाच किलोने उतरलं. पैसे थांबवल्यावर सुटका होईल असं मला वाटलं होतं. उलट फोन दुप्पट झाले. एकदा जिन्याच्या दारावर त्यांचं नाव आणि 'कर्जबुडवी' असं छापलेला कागद लागला. मी तो फाडला. दोन दिवसांनी दुसरा लागला.

बँकांच्या नोंदीचं उत्तर आलं. कामेन मारिन्स्की यांच्या नावावर तसलं कोणतंही कर्ज नव्हतं, कधीच नव्हतं. मावशींनी तो कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि रडल्या. आनंदाने नाही. "पाच महिने मी त्यांना शिव्या घातल्या, दारिना," त्या म्हणाल्या. "रोज. मोठ्याने. इथे बसून."

डब्याची भरपाई त्यांनी कामेनची मासेमारीची होडी विकून केली. हिवाळ्यात होडी कोण घेतं? पलीकडच्या गावातल्या एकाने निम्म्या किमतीत नेली. सहाशे पुरे झाले. मी म्हटलं, आता कोणाला काही सांगायची गरज नाही. पण त्यांनी जिन्याची बैठक बोलावली.

मार्चचा रविवार. सगळे आपापली स्टुलं घेऊन तळमजल्यावर जमले. मावशी उभ्या राहिल्या आणि सांगितलं, पहिल्या फोनपासून. डब्याचं सांगितलं तेव्हा चौथ्या मजल्यावरचा डोब्री म्हणाला, "म्हणजे आम्ही पायऱ्या चढत होतो आणि आमचे पैसे चोरांच्या खिशात?"

"हो," मावशी म्हणाल्या. "आता परत आहेत. मोजून घ्या."

"मोजायला काय, मोजू. पण उद्या परत..."

"गप रे डोब्री," स्तामातकाका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ते स्टुलावरून न उठता, जमिनीकडे बघत बोलले. "मलाही येतो तो फोन. गेल्या उन्हाळ्यापासून. टीव्हीचं कर्ज म्हणतात. माझ्याकडे टीव्ही आहे तो माझ्या मेव्हणीचा, तिने फेकायला काढलेला. तरी मी भरतोय."

"किती भरलेत?" कोणीतरी विचारलं.

"ते नको विचारू."

मग दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने सांगितलं की त्यांना मावशींबद्दल फोन आला होता. डोब्रीलाही आला होता. अठरांपैकी अकरा घरांत. जिन्याचे पैसे मावशींकडे असतात हेही त्यांना आमच्यातल्याच कोणीतरी सांगितलं असणार. आम्ही सगळे जाणत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच जाणतो. मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. कोणालाच त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

शेवटी मतदान झालं. पैसे पुढे माझ्याकडे ठेवायचे ठरले. "मावशींवर राग नाही, पण बरं दिसत नाही," असं डोब्री म्हणाला आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मावशींनीही हात वर केला. डबा मला दिला, पावत्यांचं पुस्तक दिलं, आणि लिफ्टच्या माणसाचा नंबर लिहून दिला. त्यानंतर आठवडाभर त्या जिन्यात भेटल्या की "कशी आहेस?" एवढंच विचारायच्या.

वही, कागद आणि स्तामातकाकांच्या पावत्या आम्ही पोलिसांत दिल्या. मे महिन्यात कळलं की दुसऱ्या शहरात भाड्याच्या घरात बसून फोन करणारी दोन मुलं आणि एक मुलगी सापडली. मुलीचं नाव कालिना नव्हतं. गेरगोव नावाचा माणूस कोणालाच सापडला नाही, बहुधा तसा कोणी नव्हताच. मावशींचे एकोणीसशे लेव गेले ते गेले. पोलिसांनी सांगितलं, आशा ठेवू नका.

सकाळी साडेसातला त्या अजूनही जाग्या असतात. फोन वाजला नाही तरी त्या वेळेला हातातलं काम थांबतं, असं त्या म्हणतात.

सप्टेंबरमध्ये त्या धावत माझ्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक उभं होतं, तरी थांबल्या नाहीत. "एका बाईंचा फोन आला. वकिलांच्या कार्यालयातून. फसवलेल्या लोकांचे पैसे परत मिळणार आहेत. माझं नाव यादीत आहे. फक्त दोनशे लेव फी भरायची आधी." मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बोलू नकोस. मला कळलंय काय आहे ते. पण दारिना, पाच मिनिटं पटलं होतं मला. सगळं माहीत असून. मी पर्स उघडून बसले होते." मग एकदम थांबून म्हणाल्या, "स्तामात."

आम्ही दोघी तशाच निघालो. स्तामातकाका दाराशी स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. अंगात चांगला कोट, दाढी केलेली.

"कुठे निघालात?" मावशींनी विचारलं.

"जरा पोस्टात."

"खिशात किती आहेत?"

काकांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा आधी चिडला, मग पडला. "पण त्या बाई म्हणाल्या, सगळे परत मिळतील. सगळे, वेलिका."

"मलाही म्हणाल्या." मावशी खाली बसल्या आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागल्या. "आत चला. कॉफी टाकते."

मी दुकानात परत गेले. संध्याकाळी येताना डोकावले तर ती दोघं काकांच्या स्वयंपाकघरात बसली होती, मध्ये टेबलावर काकांचा फोन. तो वाजत होता. काकांनी हात पुढे केला. मावशींनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि वाजायचा थांबेपर्यंत तसाच दाबून धरला.

"आजचा सहावा फोन," त्या मला म्हणाल्या.